वहीबाहेरची पत्रं

फिरत्या वहीत
४ जानेवारी

शिडी आणि थेंबी, दोघींना,

(आणि वही चुकून कुणाच्या नवऱ्याच्या हातात पडली तर त्यालाही: पुढे वाचू नका, तुमच्याबद्दल चांगलं काही लिहिलेलं नाही.)

ही आपली नववी वही. आठवी भरली, ती कपाटात आधीच्या सातांवर रचून ठेवली. काल सून फोनवर विचारत होती की आई, हा काय प्रकार आहे. तिला सांगितलं, आम्ही तिघी फार्मसीला एकाच टेबलाला होतो, तिघींत एक तराजू. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून ठरवलं, की एकच वही पोस्टानं फिरवायची. माझ्याकडून शिडीकडे, शिडीकडून थेंबीकडे, थेंबीकडून परत माझ्याकडे. फोन नाही, वेगळी पत्रं नाहीत, जे सांगायचं ते तिघींच्या समोर. वहीबाहेर एक अक्षर लिहायचं नाही. वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणी दोन वर्षांत एकमेकींना विसरल्या. आपण बत्तीस वर्षं टिकलो ते या नियमामुळे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते.

माझी खबरबात अशी. दुकान जोरात. सकाळी शटर वर करायच्या आधी दोनतीन माणसं उभी असतात. डॉक्टरांचं अक्षर या पेठेत माझ्याइतकं कुणाला लागत नाही, हे डॉक्टरही मान्य करतात. मुलगा तिकडे परदेशात मजेत आहे, एक दिवसाआड फोन असतो. आमचे हे निवृत्त झाल्यापासून दुकानात मदतीला येतात. घर भरलेलं आहे, मी समाधानी आहे, वजन वाढलंय.

शिडी, तुझं अक्षर गेल्या वर्षापासून केवढं मोठं झालंय गं. एका पानात सात ओळी. साहेबीण झालीस म्हणून कागद उधळायचा का? वही आपल्या तिघींची आहे, तुझ्या केबिनची पाटी नाही.

थेंबी, दवाखान्यातून सुटलीस की घरी तू आणि तुझी थोरली बहीण ताई, दोघीच; तू या वेळी तरी तीनच्या चार ओळी कर.

तुमची,
ठसका


वहीबाहेर
५ जानेवारी

थेंबे,

काल वही रजिस्टर पोस्टानं शिडीकडे पाठवली आणि पोस्टातून घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटायला लागली. म्हणून नेहमीप्रमाणे तुला खरं काय ते लिहिते. वाचून फाडून टाक.

दुकान जोरात नाही. समोरच्या बाजूला काचेचं मोठं औषधदुकान निघालंय, आत थंडगार, गोळ्या घरपोच देतात. माझ्याकडे आता दोनच प्रकारची माणसं येतात, सुटे मागणारी आणि समोरच्या दुकानाचा पत्ता विचारणारी. मी रोज सकाळी कफ सिरपच्या बाटल्या पुसते आणि परत तिथेच ठेवते. मुलाचा फोन महिन्यातून एकदा येतो, तोही तो गाडी चालवत असताना. आमचे हे दुकानात येतात हे खरं, पण मदतीला नाही. खुर्ची टाकून बसतात आणि जो येईल त्याला सांगतात की गोळ्या कशाला घेता, चालायला जात जा.

हे मी वहीत का नाही लिहिलं? शिडी वाचते म्हणून. आता स्पष्टच लिहिते, मला तिच्यावर जळायला होतं. बत्तीस वर्षं होतंय. पहिल्या वर्षी मी पहिली आले आणि ती दुसरी, तेव्हा तिनं मला मिठी मारली होती, मनापासून. दुसऱ्या वर्षी ती पहिली आली, तेव्हा मी घरी जाऊन जेवले नव्हते. तिथपासून हे असंच आहे. औषधांच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात ती तपासणीची मुख्य. तिनं सही केल्याशिवाय एक गोळी गेटाबाहेर पडत नाही. आणि मी तीच गोळी इथे पुसत बसते. एखाद्या पाकिटाच्या मागे कारखान्याचं नाव दिसलं की मी ते उलटं करून ठेवते, थेंबे. इतकी मी खालच्या पातळीची बाई आहे.

पण तुला सांगितलं की हलकं वाटतं. एकोणीस वर्षं सांगतेय. तुझी उत्तरं तीन ओळींचीच येतात, पण तू वाचतेस, तेवढं मला पुरतं.

ताईला विचारलंय म्हणून सांग.

ठसका


फिरत्या वहीत
२८ जानेवारी

ठसके, थेंबी,

अक्षर मोठं काढते कारण मला आता घाईघाईत लिहायची सवय उरली नाही. तुझ्यासारखं औषधाच्या पुडीवर मुंग्या सोडल्यासारखं लिहायला दुकान लागतं.

आमच्या नव्या इमारतीत मला सातव्या मजल्यावर खोली दिलीय. दोन बाजूंना खिडक्या, बाहेर झाडांचे शेंडे. हाताखाली बावीस जणं, त्यांतली अर्धी माझ्या मुलीच्या वयाची. मागच्या महिन्यात तपासायला बाहेरून पथक आलं होतं, त्यांनी माझ्या नोंदी बघून म्हटलं, अशा नोंदी आम्ही शिकवायला वापरू. मी म्हटलं, वापरा.

हे अजून दौऱ्यावर. या वयातही कंपनी त्यांना सोडत नाही. मी घर मला हवं तसं लावून घेतलंय, स्वयंपाकघरात नवीन ओटा केला, त्याच्यावर कुणी भांडं ठेवलेलं मला चालत नाही.

ठसके, दुकानापुढे रांग असते हे वाचून बरं वाटलं. माणसांत राहण्याचं नशीब सगळ्यांना नसतं. मला कधीकधी तुझा हेवा वाटतो.

शिडी


वहीबाहेर
८ मार्च

शिडीबाई,

हे पत्र वहीत नाही. का नाही ते पुढे कळेल.

काल वही थेंबीकडून आली. मी नेहमी तुझी पानं आधी उघडते, तशीच उघडली. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे तुझं वाक्य तीनदा वाचलं आणि तिन्हीदा मला ते टोमणा वाटलं. मग पुढची पानं चाळताना वहीतून एक घडी घातलेला कागद पडला. अक्षर तुझं, हातभर मोठं. वर तारीख १४ फेब्रुवारी. त्याखाली ‘थेंबी’ एवढंच.

मला वाटलं वहीचंच सुटं पान असेल. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या ओळीला कळलं होतं की नाही, तरी मी शेवटपर्यंत वाचलं. तुझ्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलंय. वर्षभर सरळ रेघ वाकडी दिसते. सातव्या मजल्यावरची खोली तू डिसेंबरातच सोडलीस, कारण नोंदीतले आकडे वाचता येईनात. नऊ एप्रिलला ऑपरेशन. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडणार, मग दोन आठवडे दिवसरात्र तोंड खाली करून पडून राहायचं आणि दर दोन तासांनी कुणीतरी थेंब घालायचे. भाऊजी दौऱ्यावर नाहीत. चार वर्षांपूर्वी वेगळे झाले. ‘मुलीला सांगितलं तर ती नोकरी सोडून येईल, म्हणून तूच ये. ताईला पंधरा दिवस कुणाकडे तरी ठेव. आणि ठसक्याला यातलं काही कळू देऊ नकोस.’

हे शेवटचं वाक्य मला पाठ झालंय.

शिडी, मी बत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. डोळ्यात थेंब कसे घालायचे हे मी म्हाताऱ्यांना, लहान पोरांना, एकदा एका पहिलवानाला शिकवलंय. आणि तू बोलावतेस कुणाला, तर थेंबीला. जिला एक वाक्य बोलायला अर्धा दिवस लागतो. चार वर्षं नवरा घरात नाही आणि मी इकडे ‘भाऊजींना नमस्कार’ लिहितेय. मला वेडी ठरवलंस.

आजारपणाचं वाईट वाटतंय. पण खरं सांगते, आधी वाईट वाटलं ते तू मला हाक मारली नाहीस याचं. आजारपणाचं नंतर. वहीबाहेर अक्षर लिहायचं नाही हा नियम तू मोडलास. थेंबीनं निदान मला सांगायला हवं होतं. मी तिला एकोणीस वर्षं सगळं सांगते, तिनं मला एवढं एक सांगू नये?

ठसका


वहीबाहेर
१५ मार्च

ठसके,

तुझं पत्र शेजारच्या बाईंकडून वाचून घेतलं. त्यांना आता माझं सगळं माहीत झालं, त्याबद्दल आभार.

तुला का नाही बोलावलं? तू आली असतीस म्हणून. पहिल्या गाडीनं आली असतीस, पिशवीत थर्मामीटर घालून. माझी सेवा केली असतीस, घर आवरलं असतंस, शेजाऱ्यांना जिंकलं असतंस. आणि पंधरा दिवसांनी, मी पालथी पडलेली असताना, तू जिंकून परत गेली असतीस. मला सगळं चाललं असतं, ठसके. नवरा गेलेला चालला, खोली गेलेली चालली. तू जिंकलेली चालली नसती.

आता दुसरं. ‘मी तिला एकोणीस वर्षं सगळं सांगते.’ हे वाक्य मी शेजारणीला दोनदा वाचायला लावलं. म्हणजे तूसुद्धा? मला नियम शिकवणारी तू, आणि एकोणीस वर्षं? माझी फक्त अकरा झाली. मुलगी आजारी होती तेव्हा पहिलं पत्र लिहिलं. मला वाटत होतं थेंबीला खरं लिहिणारी मी एकटी आहे. ती माझ्यापाशी कधी बोलली नाही की तुझीही पत्रं येतात. मी तिला लिहायचे, ‘हे फक्त तुला’. तेव्हा तिच्या टेबलावर तुझं पाकीट पडलेलं असणार.

काय लिहायचीस तिला? दुकानासमोरच्या रांगेबद्दल? की रांग नसते, हे?

शिडी


वहीबाहेर
१९ मार्च

शिडी,

रांग नसते. झालं समाधान?

आणि एकोणीस म्हणजे एकोणीस. आधी मी. ती माझी मैत्रीण आधी होती, टेबलाशी ती माझ्या शेजारी उभी राहायची, तू पलीकडे. हवं तर तिलाच विचार, ती कुणाची जास्त आहे. मी विचारलंय.

ठसका


वहीबाहेर
१९ मार्च

थेंबे,

शिडीचं पत्र वहीत विसरलीस आणि केवढा घोळ केलास बघ. तुझ्याकडून अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं, तुझ्या कपाटात तर गोळ्यासुद्धा रांगेत असतात.

मी रागावले नाही. दोनच गोष्टी सांग. ती तुला जास्त लिहिते का मी? आणि तुला कुणाचं वाचायला जास्त आवडतं? उगाच विचारतेय, पण सांग.

आणि एक काम कर. शिडीला कळव की तुला जमत नाही, ताईला एकटं सोडवत नाही, आणि माझं नाव सुचव. तू सुचवलंस तर तिला नाही म्हणता येणार नाही. माझ्या तोंडून गेलं तर तिला वाटेल मी जिंकायला येतेय. मी जिंकायला येत नाहीये. निदान मला तसं वाटतंय.

वही माझ्याकडेच आहे. तुझ्या तीन ओळी अजून वाचल्या नाहीत, डोकं ठिकाणावर आलं की वाचेन.

ताईला विचारलंय म्हणून सांग.

ठसका


वहीबाहेर
२७ मार्च

ठसके, शिडी,

हे कार्बन घालून लिहिते आहे, दवाखान्यात पावत्या करतो तसं. वरची प्रत कुणाला आणि खालची कुणाला यावरून तुम्ही भांडणार, म्हणून दोन कार्बन घातले. वरची मी ठेवली. दोघींना खालच्याच.

तुम्हा दोघींची पत्रं एकाच टपालात आली. दोघींचा प्रश्न एकच आहे, मी कुणाची जास्त. शिडी, तूसुद्धा तेच विचारलंस, फक्त तुझं अक्षर मोठं होतं.

आधी वहीचं. शिडीचं पत्र मी विसरले नव्हते. मी ते ठेवलं होतं, खूण म्हणून, माझ्या पानावर. पान अकरा. ठसका शिडीची पानं वाचते आणि माझं पान अंगठ्याखाली दाबून पुढे जाते, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मला वाटलं, खूण असली तर ती तिथे थांबेल. दुसऱ्याचं पत्र उघडं टाकणं बरं नव्हतं. शिडी, त्याबद्दल मला माफ कर. ठसके, तू थांबलीस खरी. पण खूण वाचलीस, पान वाचलं नाहीस.

पानावर लिहिलंय की ताई गेली. बारा फेब्रुवारीला, सकाळी. आजारी नव्हती. तिसऱ्या ओळीत लिहिलंय की आता घरात मी एकटी आहे.

फोन करता आला असता. केला नाही. आपला नियम आहे, सांगायचं ते वहीत. मी एकटीच तो पाळत आले आहे. तुम्हाला मी कधी आपण होऊन वहीबाहेर लिहिलेलं नाही, तुमच्या पत्रांना उत्तरं दिली तेवढीच.

शिडी, तुझं पत्र सतरा तारखेला आलं. तुला माहीत नव्हतं, तेव्हा तुझी चूक नाही. पण ‘ताईला पंधरा दिवस कुणाकडे तरी ठेव’ हे मी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचलं, आणि समोरच्या खुर्चीवर तिची शाल होती.

ठसके, तुझं पत्र परवा आलं. ‘ताईला विचारलंय म्हणून सांग.’ एकोणीस वर्षांच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी हे आहे. मी दर वेळी तिला सांगायचे. ती दर वेळी काहीतरी म्हणायची. काय म्हणायची ते तुम्ही कधी विचारलं नाही.

दोघींची पत्रं मी फाडली नाहीत. बुटांच्या दोन खोक्यांत आहेत. मागच्या आठवड्यात ती सगळी वाचून काढली. ठसक्याच्या पत्रांत शिडी आहे. शिडीच्या पत्रांत ठसका आहे. शिडीनं ओटा केला तर ठसक्याला झोप नाही. ठसक्याचा मुलगा पास झाला तर शिडी मुलीला बोलते. तुम्ही इतकी वर्षं एकमेकींनाच लिहीत होतात. मी मधलं पोस्ट होते.

मला तुमचा हेवा वाटतो, हे लिहायला मी बत्तीस वर्षं घेतली. सकाळी उठल्यावर शिडी काय करत असेल या विचारानं ठसक्याच्या पोटात दुखतं, म्हणजे रोज सकाळी कुणीतरी शिडीची आठवण काढतं. माझ्यावर आजपर्यंत कुणी जळलं नाही. जळायला माणसाकडे नीट बघावं लागतं.

मी शिडीकडे येणार नाही. ठसक्याचं नावही सुचवणार नाही. तुमचं तुम्ही बघा. वही ठसक्याकडे आहे, ती तिथेच राहू दे. मला पाठवू नका.

थेंबी


वहीबाहेर
२१ एप्रिल
शिडीच्या घरून

थेंबी,

तुझं पत्र उघडलं तेव्हा मी दुकानात होते. वाचून झाल्यावर वही काढली आणि पान अकरा उघडलं. तीन ओळी. तुझं अक्षर नेहमीसारखं, औषधाच्या लेबलावर काढतेस तसं, एकही खाडाखोड नाही. वही तीन आठवडे माझ्या घरात होती आणि मी शिडीला तावातावानं पत्रं लिहीत होते. आमचे हे समोर बसले होते. त्यांनी विचारलं, काय झालं. मी दुकान बंद केलं, भर दुपारी, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुला लगेच लिहायला बसले होते. पाच कागद फाडले. प्रत्येक कागदात मी स्वतःबद्दलच लिहीत होते, मला किती वाईट वाटलं, मला किती लाज वाटली. म्हणून तेव्हा काही पाठवलं नाही.

आठ तारखेला इथे आले. न विचारता. शिडीनं दार उघडलं, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, “जिंकायला आलीस?” मी म्हटलं, “थर्मामीटर विसरलेय, आत घे.” तिनं घेतलं. तिच्या नव्या ओट्यावर मी चहाचं पातेलं ठेवलं, ती बघत होती, आणि तिनं ते चालवून घेतलं. दुकान हे सांभाळतात. सगळ्यांना चालायला पाठवत असतील.

आज तेरावा दिवस. ती पलंगावर पालथी असते, डोकं कडेच्या बाहेर, तोंड जमिनीकडे. मी खाली सतरंजीवर बसते. दर दोन तासांनी थेंब घालते. तिला माझं तोंड दिसत नाही आणि मला तिच्या मानेशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे की काय, आम्ही दोघी खरं बोलायला लागलोय. रांगेचं, फोनचं, दौऱ्याचं, सगळं एकमेकींना सांगून झालं. फार काही उरलंच नाही, थेंबी. दोन दिवसांत संपलं. एवढ्याशासाठी आम्ही बत्तीस वर्षं चढाओढ केली.

मग तिसऱ्या दिवशी शिडी जमिनीकडे बघत म्हणाली, “ताईबद्दल आपल्याला काय माहीत आहे गं?” मी कागद घेतला, म्हटलं सांग, लिहिते. परीक्षेच्या दिवसांत आपण तिघी तुमच्याकडे अभ्यासाला यायचो, तेव्हा ताई आपली खोली आपल्याला द्यायची आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपायची. तिला जाड भिंगांचा चष्मा होता. ती शिवणकाम करायची. आपल्या तिघींचे प्रयोगशाळेतले पांढरे कोट तिनं शिवले होते, माझ्या कोटाला आत एक जास्तीचा खिसा होता. शिडी म्हणाली, तिच्याही होता. पुढे काही आठवेना. तिला काय आवडायचं, ती कशावर हसायची, तिनं लग्न का केलं नाही, तुला शिकवायला काय काय केलं, एकीलाही माहीत नाही. अर्ध्या पानात ताई संपली. शिडी रडायला लागली, आणि तिला तर रडायचीही बंदी आहे. मी तिला रागावले आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तू लिहिलंस, तुझ्यावर कुणी जळलं नाही. ते खरं नाही. सात मार्चला तो कागद वहीतून पडला, शिडीनं तुला बोलावलं होतं आणि मला नाही, तेव्हापासून मी तुझ्यावर जळतेय. शिडीच्या सातव्या मजल्यावर मी कधी इतकी जळले नव्हते. अजूनही जळते. तेरा दिवस मी तिच्या उशाशी आहे आणि थेंब घालायला मी बाटली हातात घेतली की ती म्हणते, प्रयोगशाळेत थेंबीचा हात हलका होता, एका थेंबाचे दोन कधी पडायचे नाहीत. दर दोन तासांनी म्हणते. आणि शिडी माझ्यावर जळते, कारण एकोणीस अकराहून जास्त. तू नीट बघितलं नाहीस म्हणून तुला कळलं नसेल. हे तुला चांगलं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला ते सांगताना अजिबात चांगलं वाटत नाहीये.

वही तू मागितली नाहीस, म्हणून पाठवत नाही. या कागदावर एकच विचारते, आणि उत्तर दिलं नाहीस तर परत विचारेन. ताई कशी होती? मी ‘विचारलंय म्हणून सांग’ लिहायचे तेव्हा ती काय म्हणायची?

शिडी म्हणते, तिचंही नाव खाली घाल. घालते.

ठसका, शिडी


वहीबाहेर
३० एप्रिल

ठसके,

शिडीला अजून वाचता येत नसेल, म्हणून तिला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

ताई खोडकर होती. तुम्हाला ती गंभीर वाटायची, कारण भिंगांतून तिचे डोळे मोठे दिसायचे. दवाखान्यातून मी आले की तिला दिवसभरातल्या सगळ्या रोग्यांच्या गोष्टी लागायच्या. मी तीन ओळींत सांगायचे, ती त्याची तासाभराची गोष्ट करून मलाच परत ऐकवायची. घरात बोलायचं काम तिचं होतं. म्हणून मला बोलायची सवय लागली नाही. आता घर गप्प आहे, तर मी भिंतीशी चार शब्द बोलून बघते. जमतंय थोडं.

लग्न तिनं केलं नाही, कारण माझी फी होती. नंतर मी तिला म्हटलं, आता कर. ती म्हणाली, आता मला सवय नाही, आणि नवरा घोरला तर मी काय करू.

बारा तारखेला सकाळी तिनं मला उठवलं, दात घासायला पाठवलं, आणि मी परत आले तेव्हा ती खुर्चीवर बसलेली होती, शाल पांघरून. मी तिला दोनदा हाक मारली. मग नाडी बघितली. मग घड्याळ बघितलं, सात वाजून दहा मिनिटं. मग मी चहा केला, दोन कप. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची पत्रं मी तिला वाचून दाखवायचे. सगळी. तुम्ही ‘फाडून टाक’ लिहायचात ते वाक्यसुद्धा. ती पोट धरून हसायची. मंगळवारी टपाल आलं नाही की विचारायची, आपल्या भांडकुदळ बायकांचं आज काही नाही का. तुमच्यातली कोण कशी, यावर ती आणि मी भांडायचो. मी कुणाचीच बाजू घ्यायचे नाही. तिची मात्र ठरलेली होती.

शिडीचा डोळा बरा होऊन तिला प्रवास चालेल तेव्हा दोघी या. ताईची खोली रिकामी आहे, पलंग एकच आहे, त्यावर कोण झोपणार ते तिथूनच ठरवून या. वहीसुद्धा आणा.

ताईला तुमच्यापैकी एकच आवडायची. कोण, ते मी पत्रात लिहिणार नाही.

थेंबी